बहिष्कार : राग आपला, किंमत कुणाची?

एखाद्या कंपनीने नको त्या पक्षाला पैसे दिले, जाहिरातीत नको ते दाखवले किंवा तिच्या देशाने आपल्या शत्रूची पाठराखण केली, की 'यांचा माल घेऊ नका' अशी हाक उठते. घरोघरी चर्चा होते, साबण बदलला जातो, चहा बदलला जातो. पण त्याने खरोखर काही बदलते का? सव्वाशे वर्षांचा अनुभव काय सांगतो, ते पाहण्यासारखे आहे.

लखनौमध्ये गोमती ओलांडून निशातगंजला पोहोचले, की 'पेपर मिल कॉलनी' नावाची वस्ती लागते. हे नाव १८७९ साली लखनौत निघालेल्या 'अपर इंडिया कूपर पेपर मिल्स' या कागदाच्या गिरणीची आठवण सांगते. कूपर म्हणजे त्या वेळचे या प्रांताचे इंग्रज लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉर्ज कूपर. गिरणीच्या प्रमुख भागधारकांत मात्र होते लखनौचे प्रसिद्ध मुद्रक मुन्शी नवलकिशोर. त्यांच्या छापखान्यातून कुराणही निघे आणि हिंदूंचे धर्मग्रंथही. उर्दू, फारसी, हिंदी, संस्कृत अशा सर्व भाषांतली पुस्तके निघत. इंग्रज सरकारशी त्यांचे संबंध सलोख्याचे होते.

आता कल्पना करा. त्याआधी सात वर्षे, १८७२ मध्ये, पुण्यात गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काकांनी देशी वस्तूच वापरण्याची शपथ घेतली होती. तशीच शपथ घेतलेला कुणी लखनौच्या बाजारात कागद घ्यायला गेला असता, तर त्याने या गिरणीचा कागद घ्यायचा की नाही? नाव इंग्रजाचे, पैसा इथल्या माणसाचा, मजूर लखनौचे आणि मोठा भागधारक सरकारच्या मर्जीतला. कंपनीचे नाव पाहावे, भांडवल पाहावे, कामगार पाहावेत की मालकाचे राजकारण पाहावे?

आज निशातगंजच्या बाजारात किंवा दादरच्या दुकानात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकापुढे हाच गुंता आहे. फरक इतकाच, की आता बहिष्काराची हाक मोबाइलवरून येते आणि दुसरी हाक येईपर्यंतच टिकते.

एका शब्दाचे दोन चेहरे

'बॉयकॉट' हे मुळात एका माणसाचे नाव. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात एका जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली कुळांनी खंड कमी करून मागितला. ते ऐकले गेले नाही, उलट कुळांना हुसकावण्याच्या नोटिसा निघाल्या. तेव्हा गावाने त्याच्याशी सगळे व्यवहार तोडले. मजूर शेतावर जाईनात, दुकानदार सामान देईनात. शेवटी बाहेरून पन्नास माणसे आणून, त्यांच्याभोवती सैनिकांचा पहारा ठेवून पीक काढावे लागले. खर्च पिकाच्या किमतीच्या अनेक पट झाला आणि त्या वर्षअखेर बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला.

आयर्लंडमध्ये दुर्बळांनी सबळाविरुद्ध हे हत्यार उचलले. आपल्याकडे 'बहिष्कार' शब्दाचा इतिहास बरोबर उलटा आहे. 'वाळीत टाकणे' म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. गावाने एखाद्या घराचे पाणी तोडायचे, किराणा तोडायचा, सोयरीक तोडायची. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याबद्दल दलितांना मारहाण आणि बहिष्कार सोसावा लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच वर्षी सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव 'बहिष्कृत भारत' होते. जातपंचायतींचा हा जाच इतका टिकून राहिला, की महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध खास कायदा करावा लागला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

म्हणजे एकच शब्द, पण एका बाजूला न्याय मागण्याचे साधन आणि दुसऱ्या बाजूला गुन्हा. कंपनीवर बहिष्कार घालताना ही सीमारेषा मनात पक्की असायला हवी. कंपनीने काय केले, यावरून तिचा माल नाकारणे ही एक गोष्ट. आणि दुकानदाराची जात किंवा धर्म कोणता, यावरून त्याच्याकडे न जाणे ही अगदी वेगळी. जुलै २०२४ मध्ये कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाद्यविक्रेत्यांनी मालकांची नावे ठळक लावावीत, असे आदेश उत्तर प्रदेशात निघाले. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला त्यांना अंतरिम स्थगिती दिली. कोणते अन्न विकता ते सांगा, पण नावे लावण्याची सक्ती नको, असा त्या स्थगितीचा आशय होता.

होळी पेटली, काचही बनली

महाराष्ट्राला बहिष्काराची ओळख झाली ती परदेशी कापडामुळे. वंगभंगाच्या निषेधार्थ ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली. पुढाकार तरुण सावरकरांचा होता आणि लोकमान्य टिळक तिथे हजर होते. फर्ग्युसन महाविद्यालयाने सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले.

होळीची आठवण सर्वांना आहे. त्याच काळात शांतपणे झालेले दुसरे काम मात्र कमी लोकांना ठाऊक असते. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची 'पैसा फंडा'ची कल्पना काढली. टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि त्या पैशातून १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना उभा राहिला. काच बनवायची विद्या इथे कुणाला होती? ती आणली ईश्वरदास वार्ष्णेय या उत्तर हिंदुस्थानातल्या तरुणाने. जपान आणि अमेरिकेत शिकून तो तळेगावला आला आणि पुढे संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, बहजोईला त्याने काचधंदा वाढवला. विलायती दिव्याची चिमणी नाकारणाऱ्याच्या हातात देशी चिमणी ठेवणारी माणसे ती हीच. नुसते 'घेऊ नका' म्हणून भागत नाही. 'मग काय घ्यायचे?' या प्रश्नाला उत्तर असावे लागते.

आजच्या चर्चेच्या सर्वांत जवळचा प्रसंग १९३० चा आहे. त्या वेळी काँग्रेसने केवळ परदेशी कापडावर बहिष्कार घातला नाही, तर देशी गिरण्यांनाही कसाला लावले. गिरणीत भांडवल आणि संचालक बहुतांशी भारतीय असावेत, तिने परदेशी सूत वापरू नये, खादीशी स्पर्धा करणारे जाडेभरडे कापड काढू नये आणि चालकांनी राष्ट्रीय चळवळीविरुद्ध प्रचार करू नये, अशी लेखी हमी मागितली गेली. हमी देणाऱ्या गिरणीचे कापड स्वदेशी, न देणाऱ्या गिरणीचे त्याज्य. मालकाचे राजकारण पाहून माल घ्यायचा की नाही हे ठरवण्याची ही पद्धत इतकी जुनी आहे!

त्याच वर्षी १२ डिसेंबरला मुंबईत काळबादेवीच्या रस्त्यावर परदेशी कापड नेणाऱ्या मालमोटारीपुढे बाबू गेनू सैद आडवा झाला आणि मोटार त्याच्या अंगावरून गेली. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा तरुण गिरणी कामगार होता.

या सगळ्याचा परिणाम झाला का? ब्रिटनहून येणारे सुती कापड १९२९-३० मध्ये सुमारे १२५ कोटी वार होते; ते १९३०-३१ मध्ये सुमारे ५२ कोटी वारांवर आले. यात जागतिक मंदीचाही मोठा वाटा होता, हे विसरून चालणार नाही. परंतु व्यापारी, स्वयंसेवक, गिरण्या आणि घरातल्या बायका एकाच वेळी एकाच मागणीमागे उभ्या होत्या, आणि पर्याय म्हणून देशी कापड दुकानात होते. हे दोन्ही एकत्र येणे क्वचितच घडते.

नेम लागतो केव्हा?

अलीकडची दोन उदाहरणे शेजारी ठेवली, की गोष्ट स्पष्ट होते.

जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात आपले वीस जवान शहीद झाले आणि चिनी मालावर बहिष्काराची मोठी लाट आली. विवो या चिनी मोबाइल कंपनीचे आयपीएलचे प्रायोजकत्व त्या वर्षापुरते थांबले. पुढच्या वर्षी ती पुन्हा आली आणि मग २०२२ पासून टाटांचे नाव लागले. पण आकडे काय सांगतात? २०१९-२० मध्ये चीनमधून आपली आयात सुमारे ६५ अब्ज डॉलरची होती. २०२४-२५ मध्ये ती ११३ अब्ज डॉलरच्या वर गेली. दिवाळीच्या माळा आणि खेळणी लोकांनी टाळली असतील. पण आयातीचा मोठा भाग यंत्रे, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, औषधांचा कच्चा माल असा आहे. तो कारखानदार घेतात. ताप उतरवणाऱ्या गोळीतला कच्चा माल कुठला, हे औषधाच्या दुकानात उभ्या असलेल्या आईला कसे कळणार?

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. एप्रिल २०२३ मध्ये 'बड लाइट' या बिअरच्या एका तृतीयपंथी व्यक्तीबरोबरच्या जाहिरातीवरून तिथल्या पुराणमतवादी गिऱ्हाइकांनी ती घेणे सोडले. दोनच महिन्यांत तिचे खपातले पहिले स्थान गेले. इतका परिणाम का झाला? कारण शेजारच्याच खणात त्याच किमतीची, जवळपास त्याच चवीची दुसरी बाटली होती. सोडणाऱ्याला काहीच सोसावे लागले नाही.

उलट २०२० मध्ये 'गोया' या खाद्यपदार्थांच्या अमेरिकी कंपनीच्या प्रमुखाने राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांची स्तुती केली. एका गटाने बहिष्कार पुकारला, तर दुसरा मुद्दाम खरेदीला धावला. अभ्यासकांनी विक्रीचे आकडे तपासले, तेव्हा खप सुमारे २२ टक्क्यांनी वाढलेला दिसला. आणि तीन आठवड्यांत तोही पूर्ववत झाला. समाज दोन तटांत विभागलेला असला, की एकाचा बहिष्कार ही दुसऱ्यासाठी जाहिरात ठरते.

रागाच्या भरात नेमही चुकतो. २०१७ मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखाने भारताला गरीब म्हटल्याची बातमी पसरली. कंपनीने ती नाकारली. पण संतापलेल्या अनेकांनी स्नॅपडील या भारतीय कंपनीलाच वाईट शेरे दिले, केवळ नाव सारखे म्हणून! २०१९ च्या होळीत सर्फ एक्सेलच्या जाहिरातीवरचा राग काहींनी मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सेल'वर काढला. ऐकून हसू येते, पण कुणाच्या तरी रोजगाराशी हा खेळ असतो.

मात्र कंपन्या घाबरत नाहीत असे नाही. खपापेक्षा त्या नावाला अधिक जपतात. ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कने मुस्लिम सासरी हिंदू सुनेच्या डोहाळजेवणाची जाहिरात काही दिवसांतच मागे घेतली आणि कारण देताना दुकानांतल्या कर्मचाऱ्यांच्या काळजीचाही उल्लेख केला. इथे बहिष्कार 'यशस्वी' झाला खरा. पण गिऱ्हाइकाने माल नाकारला म्हणून, की काउंटरवरच्या मुला-मुलींना धोका वाटला म्हणून? हा प्रश्न विचारायलाच हवा. धाकाने मिळालेल्या यशाला ग्राहकाची निवड म्हणता येत नाही.

राजकारणाचा पैसा वेगळ्याच दाराने

कंपन्यांच्या राजकारणाबद्दल आपल्याला फारशी माहिती नसे. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोख्यांची योजना घटनाबाह्य ठरवली आणि मार्चमध्ये रोखे कुणी घेतले, कुठल्या पक्षाने वटवले याच्या याद्या निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आल्या. २०१८ पासून एकूण १६ हजार ५०० कोटी रुपयांहून अधिक किमतीचे रोखे विकले गेले होते.

अनेकांनी उत्साहाने याद्या चाळल्या, तर काय दिसले? सर्वाधिक रोखे घेणारी 'फ्यूचर गेमिंग' ही लॉटरीच्या धंद्यातली कंपनी, रक्कम १,३६८ कोटी. दुसरी 'मेघा इंजिनिअरिंग', रक्कम ९६६ कोटी. तिचे काम धरणे, बोगदे, रस्ते अशा मोठ्या प्रकल्पांचे. आता लॉटरीचे तिकीट न घेणे आपल्या हाती आहे. पण बोगद्यावर, रस्त्यावर बहिष्कार कसा घालणार? त्यांचे गिऱ्हाईक आपण नसून सरकार आहे.

राजकारणात मोठा पैसा ओतणाऱ्यांपैकी कित्येक कंपन्या आपल्याला थेट काहीच विकत नाहीत. बहिष्काराचा फटका मात्र ज्यांची नावे साबणाच्या वडीवर आणि बिस्किटाच्या पुड्यावर असतात, त्यांनाच बसतो. जो हाताला लागतो त्याला चोप, असा हा प्रकार होतो. म्हणून राजकीय पैशाच्या बाबतीत पिशवीपेक्षा कायदा आणि मतपेटी ही साधने अधिक उपयोगी आहेत. याद्या खुल्या झाल्या त्या न्यायालयात लढलेल्या नागरिकांमुळे.

किंमत कोण मोजतो?

बंगालमधल्या स्वदेशी चळवळीत सुरुवातीला रवींद्रनाथ टागोर सामील होते. पुढे ते दूर झाले. स्वस्त विलायती कापड जाळायला लावून गरीब शेतकऱ्याला, त्यातही मुसलमान कुळांना, महाग कापड घ्यायला भाग पाडणे त्यांना पटले नाही. 'घरे बाइरे' या त्यांच्या १९१६ च्या कादंबरीच्या मुळाशी हेच दुखणे आहे. सधन घराला तत्त्वासाठी चार रुपये जास्त मोजणे जमते; हातावर पोट असलेल्याला ते जमत नाही.

दुसरी झळ कामगाराला. १९३१ मध्ये गांधीजी लंडनच्या गोलमेज परिषदेला गेले असता मुद्दाम लँकेशायरला गेले. त्यांच्या चळवळीमुळे ज्यांची कामे गेली होती, त्या गिरणी कामगारांत ते राहिले. आपली बाजू त्यांनी तिथे समजावून सांगितली आणि कामगारांनी त्यांचे स्वागत केले. ज्याला झळ पोहोचली त्याच्या डोळ्याला डोळा भिडवण्याची ही तयारी आजच्या बहिष्कारांत सहसा दिसत नाही.

मे २०२५ मध्ये तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली, तेव्हा पुण्याच्या बाजारातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे घेणे थांबवले. तेथील बागायतदाराचा परराष्ट्र धोरणात हात नव्हता. पण व्यापाऱ्यांनी हा निर्णय उघडपणे, स्वतःचे नुकसान सोसून घेतला आणि हिमाचलसारखे पर्याय हाताशी होते. अशा बहिष्काराला निदान शिस्त असते.

धीर आणि नेमकी मागणी

जगात जे बहिष्कार खरोखर फळले, त्यांच्याकडे पाहिले की दोन गुण सारखे दिसतात. अमेरिकेत माँटगोमेरी शहरातल्या कृष्णवर्णीयांनी १९५५-५६ मध्ये ३८१ दिवस शहराच्या बसमध्ये पाऊल टाकले नाही. मोलकरणी आणि मजूर मैलोन्‌मैल चालले, मोटारी वाटून घेतल्या. मागणी एकच : बसमध्ये रंगावरून भेदभाव नको. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषाविरुद्ध भारताने १९४६ मध्येच व्यापार तोडला होता. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे बार्कलेज बँकेत खाती उघडायचे नाकारले, तेव्हा १९८६ मध्ये त्या बँकेने दक्षिण आफ्रिकेतला धंदा विकला. नेस्लेच्या बालान्न विक्रीच्या पद्धतीविरुद्ध १९७७ मध्ये सुरू झालेल्या बहिष्कारानंतर चार वर्षांनी जागतिक आरोग्य संघटनेची आचारसंहिता आली आणि भारतानेही १९९२ मध्ये बाळांच्या दुधाच्या डब्यांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा केला.

यांपैकी एकही काम एका आठवड्यात झाले नाही. आणि कंपनीने काय केले म्हणजे बहिष्कार संपेल, हे सर्वांना ठाऊक होते.

म्हणून पुढच्या वेळी अशी हाक कानी आली, तर पिशवीतली वस्तू बाजूला काढण्यापूर्वी घरात चार प्रश्न विचारावेत. बातमी खरी आहे का आणि कंपनी तीच आहे का? आपली नेमकी मागणी काय? दुसरी वस्तू मिळते का, आणि ती वर्षभर वापरायची आपली तयारी आहे का? याची झळ कुणाला बसेल : निर्णय घेणाऱ्याला, की कोपऱ्यावरच्या दुकानदाराला? उत्तरे समाधानकारक असतील, तर बहिष्कार जरूर घालावा. आपल्या कमाईचा पैसा कुठे जावा, हे ठरवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

त्यासोबत आणखी दोन गोष्टी करता येतील. एक, कंपनीला पत्र लिहून किंवा तिच्या ग्राहक विभागाला कळवून माल का सोडला ते सांगावे. मुकाट्याने गेलेले गिऱ्हाईक कंपनीच्या हिशेबात केवळ 'घटलेला खप' असते. कारण कळले नाही तर सुधारणाही होत नाही. दोन, आज अनेक मध्यमवर्गीय घरांत कंपन्यांचे शेअर आहेत. कंपनीने राजकीय पक्षांना दिलेल्या देणग्या तिच्या वार्षिक हिशेबात दाखवाव्या लागतात. पक्षाचे नाव लपवण्याची २०१७ मध्ये मिळालेली सवलत सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या त्याच निकालात रद्द केली. तो अहवाल उघडून पाहावा, वार्षिक सभेत प्रश्न विचारावा. घरी बसून संगणकावरून मत देण्याची सोयही भागधारकांना आहे.

साबण बदलायला एक मिनिट लागते, अहवाल वाचायला एक संध्याकाळ. पण कंपनीच्या राजकारणाची ज्याला खरी काळजी आहे, त्याने ती एक संध्याकाळ काढायला हरकत नाही.